सतरा नंबरची आई

४ ऑक्टोबर

एका प्रवाळात जीव किती असतात? नोकरीच्या पहिल्या सकाळी पहिलाच प्रश्न हा आला आणि मला उत्तर देता आलं नाही. अजूनही येत नाही.

केंदारीहून निघालेली होडी नऊ वाजता लाबुआन पासीच्या धक्क्याला लागली. पिशवी खांद्यावरून उतरवायच्या आत इथले मालक पाक कार्सोनोंनी (पाक म्हणजे साहेब) विचारलं. मी शिकलेलं सांगितलं की फांदीवर दिसणारं प्रत्येक बारीक तोंड हा एक जीव, म्हणजे मुठीएवढ्या तुकड्यात हजारभर. त्यावर ते म्हणाले, पण ती सगळी तोंडं आतून जोडलेली असतात, एकाने खाल्लेलं दुसऱ्याला पोचतं, मग तो एकच जीव का नाही? आणि एकच असेल तर आपण त्याचे चाळीस करून चाळीस देशांत पाठवतो, तेव्हा ते किती? ते खो खो हसले. म्हणाले, घाबरू नका, वीस वर्षं हाच धंदा करतोय, मलाही माहीत नाही, पेटीवर आपण फक्त नग लिहितो.

माणूस विनोदी आहे. जावाचा आहे, इथल्या उन्हात वीस वर्षं काढूनही रोज इस्त्रीचा शर्ट घालतो.

आईला फोन केला. बाजारात मासे विकता विकताच बोलली. शेजारच्या गाळेवाल्यांना ओरडून सांगत होती की माझी मारविया साहेबीण झाली. आमच्या घरात माझ्याआधी कोणी बारावीसुद्धा झालेलं नाही. मी तिला समजावलं की साहेबीण नाही, नोंदी ठेवणारी आहे. समुद्रातल्या रोपवाटिकेत वाढवलेल्या प्रवाळाला बिल्ला लागतो, आणि बिल्ला असेल तरच ते परदेशी विकता येतं. खडकावरून ओरबाडलेल्या प्रवाळाला चोरून बिल्ला लागू नये, हे बघायचं माझं काम. आई म्हणाली, म्हणजे चौकीदार. मी म्हटलं, हो, चौकीदार. मला तो शब्द आवडला.


६ ऑक्टोबर

राहायला उआ लाप्पींच्या घरी खोली मिळाली (वडीलधाऱ्यांना, बाई असो की पुरुष, इथे उआ म्हणतात). ते आमच्या पाणबुड्यांचे म्होरके. घर पाण्यात रोवलेल्या खांबांवर आहे, गावातल्या सगळ्यांसारखं. फळ्यांच्या फटींतून खाली पाणी हलताना दिसतं. त्यांची बायको उआ मिना दिवसभर बोलते. मला डिग्रीवाल्या बाई म्हणते, आणि मी कासुआमी, म्हणजे कंदाच्या किसाचा वाफवलेला गोळा, हाताने न तोडता चमच्याने खाल्ली तेव्हा म्हणाली, ही पोरगी आपल्या दर्यावरच्या सामा जमातीतल्या आईची नाही, कुठल्यातरी हाटेलाची दिसते. त्यांची मुलगी वाना पोटुशी आहे, दिवस भरत आले आहेत. तिचा नवरा टूना पकडायच्या जहाजावर आहे, डिसेंबरशिवाय येत नाही.

किनाऱ्यावर, ह्या घराला लागूनच, आमची शेड. आत निळ्या दिव्यांखाली पाण्याच्या टाक्या रांगेने, हवेचे पंप सतत गुरगुरत असतात. गावापासून होडीने दहा मिनिटांवर पाण्याखाली लोखंडी जाळीची टेबलं आहेत. त्यांवर मूळ प्रवाळ वाढवतात. त्याला इथे आई म्हणतात. आईच्या फांद्या कातरायच्या, एकेक तुकडा सिमेंटच्या चकतीवर चिकटवायचा, चकतीला नंबरचा बिल्ला. दीड महिन्यात तुकडा चकती धरतो, मग तो विकायचा. आई पुन्हा फुटते. कोणी मरत नाही, काही ओरबाडलं जात नाही. मी ह्याच कामासाठी शिकले.

आज टेबलांच्या पलीकडचा खडकही पोहून पाहिला. बॉम्ब फोडून मासे मारायच्या दिवसांत त्याचा पार चुरा झालाय. राखाडी तुकडेच तुकडे. ह्या अख्ख्या उपसागरात रंग म्हणून जो उरला आहे, तो आमच्या टेबलांवर.


९ ऑक्टोबर

आज पाक कार्सोनोंशी वाजलं.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका व्यापाऱ्याला जांभळ्या शिंगाळ्या प्रवाळाचे चाळीस नग हवे आहेत, ऑक्टोबर संपायच्या आत. आमच्याकडे तयार अकरा. पाक म्हणाले, लांबच्या बेटावरून एकोणतीस आणू, चकतीवर बसवू, बिल्ले तर तुमच्याच खणात आहेत, बाई. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, समुद्र काय तुमच्या वडिलांचा आहे? मी म्हटलं, माझ्या वडिलांचं होडीच्या इंजिनचं दुकान आहे, समुद्र कोणाचाच नाही, म्हणून तर बिल्ला लागतो. ते हसले आणि म्हणाले, ठीक, मग चाळीस नग तुम्ही काढून दाखवा.

काढीन. सतरा नंबरची आई जांभळी आहे, टोकं निळी, मोठ्या परातीएवढी पसरलेली. तिला दोन वर्षं कोणी हात लावलेला नाही. चाळीस फांद्या सहज निघतील. दीड महिना मिळणार नाही हे खरं, पण व्यापाऱ्याला स्पष्ट कळवता येईल की तुकडे ताजे आहेत. चालत असेल तर घे. खोटं तरी नसेल.


१३ ऑक्टोबर

वानाला मुलगी झाली! दुपारी बारा वाजता, भर उन्हात, घरातच. सुईण म्बो हालिया सकाळपासून बसली होती. गावात सगळेच तिला म्बो म्हणतात, म्हणजे आजी. मला बाहेर काढलं नाही, उलट हातात पाण्याचं भांडं दिलं आणि म्हणाली, शिकलेली आहेस ना, मग उभी राहा आणि शीक.

बाळ बाहेर आल्यावर वार पडली. ती म्बो हालियाने धुतली, बाळाला धुवावं तितक्याच काळजीने, आणि तांदूळ, हळदीसोबत करवंटीत ठेवून पांढऱ्या फडक्यात बांधली. आईकडून मी हे ऐकलं होतं, पाहिलं आज पहिल्यांदा. आमच्या लोकांत प्रत्येक मूल जुळंच जन्मतं. एक घरात राहतं, दुसरं, म्हणजे ही वार, पाण्यात. पाण्यातलं आधी तयार होतं म्हणून ते थोरलं, धाकट्याला आयुष्यभर सांभाळतं. त्याला नीट जागा द्यावी लागते, आणि तिथे बाळाचं नाव सांगावं लागतं.

उआ लाप्पी करवंटी घेऊन एकटेच होडीने गेले. तासाने आले, मागे न बघता, रिवाजाप्रमाणे. उआ मिनाने विचारलं, घराखाली का नाही ठेवलं, सगळे तिथेच ठेवतात. ते म्हणाले, घराखाली मोटारींचं तेल आहे, गावाची घाण आहे. माझ्या नातीचं भावंड चांगल्या घरात राहील. कुठे ते सांगितलं नाही. सांगायचं नसतं म्हणे.

बाळाचं नाव इंदारी. नाळ गळेपर्यंत उआ लाप्पी समुद्रात उतरणार नाहीत, हाही रिवाज. पाक कार्सोनोंनी रजा दिली, वर नातीसाठी दुधाचा मोठा डबा पाठवला. उआ मिना म्हणाली, दूध आईला पाठवलं की बाळाला, ते विचारून ये, जावाच्या लोकांना काही कळत नाही.


२० ऑक्टोबर

सतरा नंबरची आई कातरली. अजून हात दुखताहेत.

उआ लाप्पी नव्हते, म्हणून दुसऱ्या पाणबुड्याला घेऊन मीच खाली गेले. रंग वर्णन करता येत नाही इतका उजळ. बुंध्याशी एक गोल गाठ होती, नारळाएवढी, वरून पूर्ण प्रवाळ वाढलेलं. आधीच्या नोंदींत ती नाही. आधीच्या माणसाने आळस केला असणार. बुंधा टेबलावर ठेवला, वरचा पसारा गाठीसकट सुटा करून शेडमध्ये आणला. गाठ फोडून टाकली, आतपर्यंत प्रवाळच भरलेलं होतं, तिच्याभोवतीच्या फांद्या सगळ्यांत चांगल्या होत्या. बरोबर चाळीस तुकडे. आता आधीचे अकरा लागायचे नाहीत.

कातरताना एक गोष्ट विचित्र वाटली, म्हणून लिहून ठेवते. फांदी तोडली की त्या फांदीवरची तोंडं मिटतात, हे नेहमीचंच. आज एक तोडली की टाकीतल्या सगळ्या मिटत होत्या. आधी तोडून बाजूला ठेवलेल्यासुद्धा.

घरी आले तर उआ मिना बेजार. इंदारी दिवसभर रडली. म्हणजे सलग नाही. एकदम किंचाळायची, थांबायची, पुन्हा किंचाळायची. उआ मिना म्हणाली, आजीवर गेली आहे, श्वास घ्यायला तेवढी थांबते.


२३ ऑक्टोबर

तुकड्यांनी तीन दिवसांत चकती धरली. तीन दिवसांत! दोनदा मोजलं. पाक कार्सोनो टाक्यांभोवती नाचायचेच बाकी होते. म्हणाले, बाई, तुमच्या प्रामाणिकपणाला समुद्राने बक्षीस दिलं. व्यापाऱ्याला फोटो गेले, तो आत्ताच पाठवा म्हणतोय.

मला आनंद व्हायला हवा. झाला होता, सकाळी. पण दुपारपासून चैन नाही, एका जागी बसवत नाही. चाळीसही तुकड्यांची तोंडं एकाच दिशेला वळलेली आहेत. पाण्याचा प्रवाह उलट फिरवून पाहिला. वळत नाहीत. टाकी भिंतीला लागून आहे, भिंतीपलीकडे उआ लाप्पींचं घर.

प्रवाळाला उजेडाची दिशा कळते. घराची दिशा कळते असं कुठल्याही पुस्तकात नाही.


२५ ऑक्टोबर

नर्सबाई घरी येऊन इंदारीला लस टोचून गेली, सकाळी दहा वीसला. मी तेव्हा शेडमध्ये होते, चाळीस तुकडे एका झटक्यात मिटले. घड्याळ पाहिलं होतं म्हणून वेळ सांगू शकते. लशीची वेळ नंतर वानाकडून कळली.

योगायोग. पंपाचा धक्का बसला असेल. लिहून ठेवते आहे, एवढंच.


२७ ऑक्टोबर

माल गेला. दुहेरी पिशव्या, तिसरा हिस्सा पाणी, बाकी प्राणवायू, वर रबर. थर्माकोलच्या दोन पेट्या. केंदारी, जकार्ता, मग समुद्रापार. बिल्ले मी स्वतःच्या हाताने बांधले, एक ते चाळीस.

पेट्यांवर झाकण ठेवलं तेव्हा बरोबर सव्वाअकरा. घरी वाना ओट्यावर बसून बाळाला पाजत होती. ती म्हणते, बाळाने सव्वाअकराच्या सुमारास एकदम डोळे मोठे केले आणि अंधारात चाचपडावं तसे हात फिरवायला लागली. भर उन्हात. उआ मिना हसून म्हणाली, डिग्रीवाल्या बाई, तुम्ही घड्याळाला काय विचारता, बाळाला विचारा. मी हसले नाही हे तिच्या लक्षात आलं.


३० ऑक्टोबर

अमेरिकेहून फोटो आले. पोचल्यावर दोन तासांच्या आत, मेलेल्या नगाचा बिल्ल्यासकट फोटो पाठवायचा, असा नियम आहे. दोन मेले. नऊ आणि दहा. पांढरेफटक, चुन्यासारखे.

चाळिसात दोन म्हणजे काहीच नाही, पाक कार्सोनो म्हणाले, पार्टी द्या.

अकराला मधेच घरी गेले. वाना बाळाचा डावा पाय दाखवत होती. दोन बोटं पांढरी. गार. चोळली तरी रक्त येत नाही. बाळ हसतंय.


३१ ऑक्टोबर

काल दुपारी एक वाजता इंदारी बंद पडली. दुसरा शब्द सुचत नाही. झोपली नाही. दिवा मालवावा तशी. डोळे अर्धे उघडे, अंग सैल, श्वास अगदी बारीक. पहाटे पाचला आपोआप जागी झाली.

आज पुन्हा. पहाटे पाचला जागी, दुपारी एकला बंद. मिनिटाचा फरक नाही.

नर्सबाई म्हणाली, छाती साफ आहे, वजन बरं आहे, काही मुलं झोपाळू असतात. उआ मिना तिला म्हणाली, बाई, तुमची मुलं झोपाळू असतील, ही काही झोपत नाही, ही जाते. त्यानंतर उआ मिना दिवसभर काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा हे घर ओळखू येत नाही.


३ नोव्हेंबर

आज एक वाजला. आम्ही तिघी बाळाकडे बघत होतो. ती जागीच. सव्वा झाला, दीड झाला. वाना रडायला लागली, आनंदाने. उआ मिनाने मला मिठी मारली.

दोन वाजता गेली.

पाचऐवजी पहाटे सहाला आली असणार, सकाळी सगळ्यांना वाटलं होतं की आज जरा जास्त झोपली.

एक तास. कशामुळे एक तास?


४ नोव्हेंबर

पाक कार्सोनो सहज म्हणाले की अमेरिकेचा माणूस दोन दिवस तासभर उशिरा उत्तर देतो. मी विचारलं का. म्हणाले, त्यांच्याकडे थंडी सुरू झाली की घड्याळं एक तास मागे करतात. परवाच केली.

व्यापाऱ्याला विचारलं, तुमच्या टाक्यांवरचे दिवे किती ते किती? लगेच उत्तर आलं, माणूस सभ्य आहे. दुपारी दोन ते रात्री दहा. त्यांचे दोन म्हणजे इथले पहाटेचे सहा. त्यांचे दहा म्हणजे इथले दुपारचे दोन. मागच्या आठवड्यापर्यंत पाच आणि एक.

तिथे दिवे लागले की इंदारी येते. मालवले की जाते.

मी हे लिहिते आहे. मी, चार वर्षं समुद्रविज्ञान शिकलेली. दुसरं काही कारण असेल तर मला हवंय. सापडत नाही.


५ नोव्हेंबर

उआ लाप्पींना विचारलं. धक्क्यावर जाळं शिवत बसले होते. करवंटी कुठे ठेवली होती? म्हणाले, रागवू नका बाई, कंपनीची टेबलं आहेत, काही ठेवायचं नसतं हे माहीत होतं. पण बाहेरचा खडक मेलाय. मेलेल्या घरात पोरीचं भावंड कसं ठेवू? अख्ख्या समुद्रात त्या जांभळीइतकं देखणं घर नव्हतं. तिच्या पोटाशी ठेवलं. दोन वर्षं तिला कोणी हात लावला नव्हता, म्हटलं आताही लावणार नाही.

मी म्हटलं, ती गाठ.

त्यांना कळलं नाही. मी सांगितलं. मी काय फोडलं ते. त्यांच्या हातातून सुई पाण्यात पडली. ते तिच्यामागे बघतही बसले नाहीत. म्हणाले, किती तुकडे? मी म्हटलं, चाळीस. त्यांनी विचारलं, चाळीसही परदेशी गेले? मी म्हटलं, हो. मग ते माझ्यावर ओरडतील असं वाटलं. ते म्हणाले, बाई, तुम्ही जेवलात का?


६ नोव्हेंबर

केंदारीच्या इस्पितळात न्यायला निघालो. उआ लाप्पी, वाना, मी. अर्ध्या वाटेवर इंदारी निळी पडली, श्वास थांबला. होडी वळवली. टेबलांच्या वर आलो तसा श्वास परत. सतरा नंबरचा बुंधा तिथे खाली आहे. तेवढाच तिला धरून आहे.

डावा पाय घोट्यापर्यंत पांढरा. तिकडे आणखी मेलेत, फोटोंची मुदत संपली म्हणून कोणी कळवत नाही.

व्यापाऱ्याला लिहिलं: राहिलेले विकू नका, सगळे परत पाठवा, खर्च मी देते. उत्तर: माफ करा, सगळे गेले, इतकी मागणी कधी पाहिली नव्हती, अजून आहेत का? खाली एका गिऱ्हाइकाने पाठवलेला फोटो. घरच्या टाकीत आमचा तुकडा, बिल्ला बावीस. त्याने त्याचे पाच केलेत. मित्रांना वाटायला. सगळेच करतात, व्यापारी लिहितो, हाच तर ह्या छंदाचा आनंद.

पाक कार्सोनोंना सगळं सांगितलं. पहिल्यांदाच विनोद केला नाही. म्हणाले, मी जांभळा माल बंद करतो. पण गेलेला माल, बाई. गेलेला.


७ नोव्हेंबर

आता ठरलेली वेळ राहिलेली नाही. ती केव्हाही येते, केव्हाही जाते. वेगवेगळी घरं, वेगवेगळे दिवे. दिवसात तीसदा. डोळे वेगवेगळ्या दिशांना. अचानक आक्रसते, मग अंगावर नवी पांढरी रेघ. तिकडे कोणीतरी वाटणी केली.

दूध पीत नाही. तोंड उघडते, पण—

उआ मिना आज मला डिग्रीवाल्या बाई म्हणाली नाही. मारविया म्हणाली. पोरी मारविया, तुला वाचता येतं, काहीतरी वाच.


८ नोव्हेंबर

म्बो हालियाकडे गेले. पान चघळत ऐकत होती. म्हणाली, भावंड मेलं असतं तर पोर एकटी जगली असती, अशी माणसं असतात. हे मेलेलं नाही. हे जागोजागी जिवंत आहे आणि सगळीकडून ओढतंय. इतकंसं अंग चाळीस घरांना पुरायचं कसं?

मी विचारलं, उपाय?

म्हणाली, नाव. त्याला इंदारीचं नाव सांगितलंय, म्हणून ते तिला ओढतं. ते नाव परत मागून दुसरं देता येतं. पण ज्याचं भावंड आधीच पाण्यात आहे त्याचं चालत नाही, त्या जागी कोणीतरी बसलेलं असतं. ह्या गावात प्रत्येकाची जागा भरलेली आहे, बाळापासून माझ्यापर्यंत.

मग माझ्याकडे बघून विचारलं, तू कुठे जन्मलीस?

केंदारीच्या सरकारी इस्पितळात. माझी वार कुठे गेली, आईला कोणी विचारलं नव्हतं. बादलीत गेली असणार.

म्बो हालियाने हो म्हण असं सांगितलं नाही, नको असंही नाही. मीच विचारलं, मोठ्या माणसाला सोसेल? म्हणाली, खोटं कशाला सांगू. पाहिलेलं नाही.

घरी येऊन आईला फोन केला. चौकीदारीण कशी आहे, विचारत होती. ठीक आहे म्हटलं. ती भाव सांगत राहिली, बोनिटो काय, कोळंबी काय. मी ऐकत राहिले. आज तिने फोन ठेवेपर्यंत मी ठेवला नाही.


९ नोव्हेंबर

इंदारीचे हात कोपरापर्यंत पांढरे. बाळ आता रडत नाही. वाना तिला कपाळाला लावून बसली आहे. उआ लाप्पी दोनदा पाण्यात उतरून आले, बुंध्याला नुसता हात लावून. म्हणतात, जांभळा रंग अजून आहे, कडेला.

बसवत नाही. फळ्या मोजते. शेडपर्यंत जाते, परत येते. भिंतीपलीकडून पंप.

सतरा मी निवडली. गाठ मी फोडली. बिल्ले मी बांधले, ह्या हातांनी, एक ते चाळीस. पाक कार्सोनोंचं ऐकून लांबच्या बेटावरून चोरलेला माल पाठवला असता तर हे मूल आज—

तो विचार करायचा नाही. चोरी बरोबर नव्हती. हेही बरोबर नाही.

उद्या ओहोटी सकाळी सहाला.


१० नोव्हेंबर

करून आले.

वारेच्या जागी माझे केस, नखं, डाव्या तळहाताचं रक्त. करवंटी बुंध्याशी ठेवली. म्बो हालियाने शिकवलं तसं पाण्यावर तोंड टेकून बोलले. इंदारीचं नाव परत मागितलं. मारविया हे नाव सांगितलं. तीनदा. मागे पाहिलं नाही. उआ लाप्पी होडीत होते, त्यांनीही नाही. माझ्याकडेसुद्धा नाही.

सात वाजता इंदारी रडली. मोठ्याने. भुकेचं. उआ मिना धावत आली, हाताकडे बघा म्हणाली, बोटं गुलाबी. ती ओरडत होती, बाई, डिग्रीवाल्या बाई, बघा तरी. मी बघत होते. उशिरा कळलं की बघत होते.

आठ वाजले. अक्षर बघा कसं आलंय. पेन दिसतो, मग दिसत नाही.

निळं. खूप निळं. काचेपलीकडे एक खोली, गालिचा, कुत्रं. काचेला नाक लावलेली मुलगी. मग दुसरी खोली. म्हातारा, खुर्ची. दुकान. पुन्हा गालिचा, पण दुसरा. सगळ्या एकदम. मोजू नये. अकरा. तेवीस.

डाव्या हाताची करंगळी पांढरी. दुखत नाही.

भीती आहे. लिहिते, कारण खोटं लिहायचं नाही. पण नाव दिलंय, ते परत मागणार नाही. आईला सांगा की—

उआ मिना दारातून सांगते आहे, पोर पोटभर प्याली, झोपली, खरी झोप. मला ऐकू आलं. सगळं ऐकू आलं. फक्त मी कोणत्या खोलीत बसून